कुणी बांधला अंबाडा?

खांद्याच्या व्यायामासाठी नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर दोन बायका, दोघींच्याही गळ्यात हाताची झोळी.

"अहो, बघा, बघा! अंबाडा बांधला मी! दोन्ही हातांनी!"

"अगं बाई! माझं ऑपरेशन तुमच्या आधीचं, तरी माझा हात कानापर्यंतसुद्धा जात नाही. तुम्ही करता तरी काय?"

"काहीच करत नाही! इथला व्यायाम सोडला तर घरात काडी उचलत नाही. आत शिवलेलं धरायला वेळ नको का? कुकर हे लावतात, फरशी हे पुसतात."

"नशीब काढलंत! मी आठवड्याच्या आत झोळी काढून चादरी पिळत बसले."

"आणि तुमचे मिस्टर?"

"ते म्हणतात, डॉक्टरच धड नव्हता."

"श्श! आमचे हे आले गाडी लावून. थांबा, हात झोळीत घालू द्या. बरी झाले असं कळलं, की कुकर परत माझ्या गळ्यात!"

"काय गं, मी गाडी लावून येईपर्यंत हा अंबाडा कोणी बांधला?"

"ह्या शेजारच्या बाईंनी."

"हो, मीच बांधला. आणि भाऊ, ऐका, यांना एवढ्यात काही उचलू देऊ नका हं."