आक्काच्या भिंतीवरची पेटी

माझं माहेर सुदुंबऱ्याचं, आन् सासर हे औंढे. नाव हिराबाई. शाळा सातवी, म्हंजी सातवीची परीक्षा दिली, पन निकाल आनायला घरातलं कुनी गेलंच न्हाई, तवा मी पास का नापास ते आजून मला ठावं न्हाई. काय सांगू तुमाला ताई, तुमी इचारताय लाईट गेल्यावर घरातलं इंटरनेट कसं चालू ठिवता, तर त्याचं मूळ पार माझ्या बापापातूर जातंय. बाप देहूरोडला डेपोत व्हता, सायकलीवर जायचा. तितं बॅटरीची खोली व्हती, मोठाल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायच्या, त्यांचं पानी बगायचं, हे त्याचं काम. त्याच्या खाकी पँटीला कायम बारीक बारीक भोकं, ॲसिडचा थेंब उडाला की कापड जळायचं, आन् आई ठिगळं लावून लावून कटाळायची. म्हनायची, त्या बॅटऱ्यांचं पोट भरतंय आन् माझ्या सुईदोऱ्याचा जीव जातोय.

बाप म्हनायचा, बॅटरी म्हंजी दुभतं जनावर बग हिरे, तिला तहान लागू द्यायची न्हाई आन् तिला पार पिळायची न्हाई. नळाचं पानी घालायचं न्हाई, बॅटरीचं पानी येगळं मिळतं तेच घालायचं. हातात पाटली-आंगठी घालून जवळ जायचं न्हाई. वायर काढताना काळी आदी, लावताना काळी शेवटी. हे मला आसं पाठ व्हतं ताई, पाढे म्हना म्हनलं तर तेरापासनं पुढं बोंब, पन बॅटरीचं इचारा. बाईमानसाला काय करायचंय ह्याचं, आसं चुलते म्हनायचे. मला बी तसंच वाटायचं, पन बाप सांगायचा आन् मी ऐकायचे.

मंग लगीन झालं, हितं आले. लोनावळ्याच्या अंगाचा पाऊस तुमाला काय सांगायचा, तुमी लोक भजी खाऊन माघारी जाता, आमी हितंच आसतो. झाड तारंवर पडलं की दोन दोन दिस लाईट न्हाई. वायरमन एकला आन् गावं धा, त्याला तरी काय बोलायचं. पन खरं सांगू का, पयलं लाईट गेली तर आमाला कळायचं बी न्हाई. चुलीला लाईट लागत न्हाई, म्हशीला लागत न्हाई. लाईटीची गरज कवा लागली, तर सून आली तवा.

सून माझी मानसी, तळेगावची. लय शिकलेली. संदीपची, म्हंजी माझ्या पोराची, तळेगावातच कंपनी हाय, तितंच कुटं वळख झाली म्हनं, मी जास्ती इचारलं न्हाई. ती दवाखान्याची कागदं तपासते, कुनाच्या आजारपनाचे पैसे इम्यातनं द्यायचे न् कुनाचे न्हाई, ते ती ठरवते, आन् समद्या देशातनं तिला फोन येत्यात, कानाला ते यंत्र लावून बोलते. हापिस पुन्याच्या पार पल्याड. पन त्या करोनापासनं घरूनच काम सुरू झालं ते चालूच ऱ्हायलं. आमच्या पडवीला खिडकीपाशी टेबल मांडलं, भिंतीवर वायफायचा डबा, खाली इन्व्हर्टर आन् ही मोठी बॅटरी. संदीप म्हनाला, आई, ह्याला हात लावू नको, शॉक बसंल. मी म्हनलं, बाजूला हो. बुचावरची पान्याची खूण दाखवनारी दांडी बघितली, लाल दिसत व्हती, म्हनलं ही तहानलेलीय, पानी आन. तो बगतच ऱ्हायला. त्या दिसापासनं बॅटरी माझ्याकडं.

आता हापिसाचा नेम आसा की एका महिन्यात तीन येळा लाईन तुटली, की घरून काम बंद, रोज हापिसात हजर व्हायचं. आन् हितनं रोज तितं जानं व्हतंय का? मंग तिकडंच खोली घ्यायची, संदीपनं तिकडंच नोकरी बगायची, आन् माझी नात ईश्वरी, चार वर्साची, ती बी जानार. हे दोघं रातचं हळू आवाजात बोलत व्हते ते मी ऐकलं व्हतं. आन् मंग हितं कोन? मी, आमचं मालक आन् कोंबड्या. आमचं मालक म्हंजी टीव्ही बंद आसला तरी टीव्हीकडं तोंड करून बसनारा मानूस. मला काय सुचायचं न्हाई ताई, पोरांनी जाऊ नये आसं मला लय वाटायचं, आन् तसं तोंडानं म्हनायची चोरी. म्हनून मी बॅटरीच्या मागं लागले.

गेल्या साली परतीच्या पावसाची गोष्ट हाय. भात पोटरीतनं बाहेर आलेलं, आन् पाऊस कसा, तर ढोल बडवल्यागत गडगडाट. त्या महिन्यात मानसीची लाईन दोनदा तुटली व्हती. आन् तवा लाईट व्हती बरं का! लाईट हाय, डबा चालू हाय, आन् इंटरनेट न्हाई. केबलवाला फोनवर म्हनं माझ्याकडनं समदं बरूबर हाय, तुमचंच काईतरी आसंल. मी बॅटरीची बुचं उघडून बघितली, पानी येवस्थित. दोन येळा असं झालं, आता तिसरी झाली की संपलं.

आन् मंग वादळ झालं. वरच्या अंगाला एक जांभूळ तारंवर पडलं, लाईट गेली ती गेलीच. मी तवाच कंबर कसली. समद्यांना सांगून टाकलं, आता ह्या बॅटरीवर फकस्त मानसीचा लॅपटॉप आन् वायफायचा डबा. पंखा न्हाई, टीव्ही न्हाई, मिक्सर न्हाई. मोबाईल चार्ज करायला पाळी लावली, माहेरी इहिरीच्या पान्याची भाऊबंदात पाळी आसायची तशी. आमचं मालक म्हनलं, माझी पाळी कवा? म्हनलं, तुमाला फोन कुनाचा येतोय? दोन दिस बोलले न्हाईत माझ्याशी, तेवढाच निवांतपना. चटनी पाट्यावर वाटली, नातीला कारटून म्हनून मी स्वता नाचून दाखवलं. कोंबडी ओरडली तरी तिला हाकलायचे, मानसीचा फोन चालू हाय म्हनून. दोन दिस काढले आन् बॅटरी आजून तग धरून व्हती. मला आसा आभिमान वाटला ताई, वाटलं बाप आसता तर पाठीवर थाप मारली आसती.

तिसऱ्या दिशी मानसी एक वाजता जेवायला उठली. तिला जेवायची सुट्टी एक तास. जेऊन यीस मिनिटात माघारी बसली, आन् एकदम हाक, अहो आई, लाईन गेली. मी पळत आले. डब्याला करंट व्हता, पन त्यावर एक लाल दिवा. मोबाईलवरनं करावं तर टॉवर बी कालपासनं मुका. पोरगी रडायलाच लागली. म्हनाली, आई, दोनला मी दिसले नाही की झालं, तिसरी वेळ. आणि खरं सांगू का, मलाही नको आहे हो तिकडं जायला. आसं ती म्हनाली. त्याआदी मला वाटायचं हिला जायचंच आसंल, तरन्या पोरी त्या.

मला दुसरं काय येतंय? पान्याचं येतंय. पाटाला पानी यायचं थांबलं की पाट धरून वर जायचं, कुटं फुटलाय बगायचं. तशी मी वायर धरून निघाले. डोक्यावर पोतं घेतलं, आन् घरातनं निघालेली काळी वायर बगत बगत, आंब्यावरनं, खांबावरनं, शेजारच्या गोठ्यावरनं, चार घरं ओलांडली. आन् वायर गेली बायजाक्काच्या भिंतीत.

बायजाक्का म्हंजी माझी चुलत सासू, ऐंशीच्या पुढं आसंल. एकलीच ऱ्हाते, मूलबाळ न्हाई. आन् आता जे सांगते ते लाजंनं सांगते. केबलवाला पयल्यांदा आलता तवा आमच्याकडंच आलता. म्हनला, मावशी, गल्लीची एक पेटी भिंतीला लावायची हाय, तिला तुमच्या घरातनं लाईटीची पिन लागंल, हितनंच समद्या घरांना वायरी जातील. मी म्हनलं, आन् लाईटबिल काय तुझा बाप भरनार का? हाकलला त्याला. दुसऱ्यांनी बी हाकलला. आक्का तेवढी म्हनाली, लाव बाबा, कुनीतरी बगायला तरी येत जाईल. ते मला मागनं कळालं व्हतं, पन मी इसरून गेलते.

दारात गेले तर आक्का चुलीपाशी. म्हनाली, ये गं हिरे, लय दिसानं. मी म्हनलं, आक्का, ती पेटी कुटंय? तर भिंतीवर पेटी, मुकी, आन् तिची पिन काढून, वायरीचं येटोळं करून खुंटीवर टांगलेलं, दोरी टांगावी तसं. म्हनलं, आक्का, ही पिन कवा काढली? म्हनाली, गडगडायला लागलं तवा. कडाडलं की मी काढतेच. देवळात जाताना बी काढते, घरात कुनी नसताना पिन ठिवू न्हाई. आता ह्या येळला काढली आन् मागनं लाईटच गेली, मंग लावून काय करू?

ताई, तवा समदं ध्यानात आलं. त्या पेटीच्या पोटात तिची बारकी बॅटरी आसती, तिच्यावरच दोन दिस निभावलं, आन् आता ती उपाशी. आदीच्या दोन येळा लाईन तुटली ती बी आशीच, गडगडाट चालू तवर आक्कानं दोन-तीन दिस पिन काढूनच ठिवली आसंल आन् ती बारकी बॅटरी मधीच दमली आसंल. आन् आमी केबलवाल्याला शिव्या देत व्हतो. पन आक्काला काय बोलू? तिला कुनी सांगितलंच न्हवतं. आन् आमच्या घरी बी कडाडलं की आमी टीव्हीची पिन काढतोच की.

घड्याळ बघितलं, दीड वाजून गेला व्हता. तशीच पळत घरी आले. मालकांना म्हनलं, शेनाची ढकलगाडी काढा. ते म्हनलं, आता काय शेन? म्हनलं, आदी काढा! पाटल्या काढून देव्हाऱ्यात ठिवल्या, काळी वायर आदी सोडली, मंग लाल. संदीप कामावर, तवा बॅटरी आमी तिघांनी उचलून गाडीत ठिवली, मानसीनं बी हात लावला, वर इन्व्हर्टर आन् वायफायचा डबा, त्यावर मेनकापड. चिखलात चाक रुतंल तितं मी मागनं ढकललं. मानसी पुढं, लॅपटॉप पदराखाली धरावा तसा ओढनीखाली धरलेला, आन् नात मागनं भिजत, तिला वाटलं वरातच निघालीय.

आक्काच्या घरात बॅटरी मांडली, लाल लावली, काळी शेवटी. इन्व्हर्टरच्या मागं पिन लावायची जागा आसती, तितं बोर्ड जोडला, त्यात पेटीची पिन. पेटी टुकटुक डोळे उघडायला लागली. मानसी हुशार, तिनं पेटीतली आमच्या नावाची चिठ्ठी लावलेली वायर काढली आन् तितंच आपला वायफायचा डबा जोडला. मंग थांबलो. लाल, लाल, लाल, आन् मंग हिरवा. दोनला दोन मिनिटं कमी. मानसीनं कानाला ते लावलं आन् तिचा आवाज असा गोड निघाला, नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते? आक्कानं चुलीपासनं उत्तर दिलं, मदत नको बाई, च्या घे. मी तिच्या तोंडावर हात ठिवला. पन पलीकडचा मानूस हसला म्हनं.

लाईट चवथ्या दिशी आली. केबलवाला आला, समदं ऐकलं, म्हनला, मावशी, पेटी आता तुमच्याच भिंतीला लावतो, तुमाला बॅटरीचं कळतंय, म्हातारीचा भरवसा न्हाई. आक्का तितंच व्हती. म्हनाली, न्या बया, तुमचं कामाचं हाय. आन् भिंतीकडं बगत बसली. मी केबलवाल्याला म्हनलं, पेटी हाय तितंच ऱ्हाऊ दे. तिला चांगली मोठी बॅटरी दे, तिचं पानी मी बगीन. आन् आक्काला सांगितलं, कडाडलं तर बाकी समद्या पिना काढा, हीच ठिवा. ती म्हनाली, मंग वीज पडली म्हंजी? म्हनलं, केबलवाल्यानं अर्थिंग घातलंय. म्हनाली, ते काय आसतं? मी म्हनलं, मला बी नीट ठावं न्हाई, पन घातलंय.

आता खरी गंमत पुढं हाय. हप्ता गेला, आन् एक दिवस मानसी मला म्हनाली, आई, रागवणार नसाल तर एक बोलू? मी टेबल आक्कांच्या घरी नेऊ का? तिथं लाईन कधी तुटत नाही. मी म्हनलं, हितं बी तुटनार न्हाई, मी हाय की. ती म्हनाली, तसं नाही हो, तुम्ही दिवसभर सगळ्यांना माझ्यासाठी गप्प करता, बाबांना, ईश्वरीला, कोंबड्यांना. मला फार अवघडल्यासारखं होतं. तिथं जरा मोकळं वाटेल.

पयलं मला लय लागलं ताई. खोटं कशाला बोलू. जिच्यासाठी मी अंधारात बसले, पाट्यावर चटनी वाटली, तिला माझाच जाच व्हतोय व्हय? त्या दिशी मी जेवले बी न्हाई नीट. आमचं मालक म्हनलं, बरं झालं, आता टीव्ही लावू का? मला हसू बी आलं न् रडू बी आलं. मंग दुसऱ्या दिशी सकाळी मीच टेबल उचलायला हात लावला.

तवापासनं मानसी रोज धाला केस इंचरून, जेवनाचा डबा घेऊन निघते. आक्कानं तिच्यासाठी पडवी सारवून घेतली, खिडकीला पडदा लावला, आन् फोन चालू आसला की स्वता दारात पहाऱ्याला बसते, मांजर बी आत सोडत न्हाई. ती कोंबड्या हाकलते ते मानसीला चालतंय, मी हाकलल्या तर जाच! आसू द्या. आठवड्यातनं दोनदा मी बॅटरीचं पानी बगायला जाते, आक्का च्या टाकते, दोघी बसतो. कवा कवा पानी बगायचं नसलं तरी जाते.

आन् सांजचं सात वाजले की मी पडवीत उभी ऱ्हाऊन हाक मारते, मानसे, आटपलं का गं? आन् तिकडनं येतं, आले हो आई! देवाला मी आता दुसरं काय मागत न्हाई ताई. पोरींनी शिकावं, हापिसाला जावं, समदं करावं, पन हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच लांब जावं.