जात्याला टाकी

सटवाजी : जातं काहून बाहेर काढलं? मी हितं दार उचकटून राहिलो गाडीत घालायला, आन तू ह्या लखमा टाकीवालीला झिजला दगड टोचायला, टाकी लावायला बसवलं? सकाळी वाशीमला निघायचं हाय, ध्यानात हाय का?

भिकाबाई : हाय की. म्हणून तर आजच लावून घेऊन राहिले.

सटवाजी : गाडीत जातं मावणार न्हाई, आत्ताच सांगतो.

भिकाबाई : गाडीत कशाला? ते हितंच ऱ्हाईल.

लखमा : अण्णा, मी बी हेच इचारलं. साऱ्या गोरेगावात फिरले. जो तो बोचकं बांधायलाय. ‘टाकी लावा’ म्हणलं तर लोक माझ्याच तोंडाकडं बघतेत. बोलावलं ते भिकाक्कानंच.

सटवाजी : डोकं फिरलं तुझ्या अक्काचं. रझाकारांनी पल्याडचं गाव जाळलं, अर्धं गोरेगाव निजामाची हद्द सोडून, कनेरगाव नाका ओलांडून वऱ्हाडात गेलं. आमी परत येणार न्हाई, लखमा. भावानं वाशीमला जागा दिली, तिथंच ऱ्हायचं. हे दार तिथं बसवायचं.

भिकाबाई : ते तुमी ठरवलं, मी न्हाई. ऐतवारी प्रार्थनेला तुमीच बायबलातलं शास्त्र वाचलं न्हवं, यिर्मयाचं?

लखमा : ह्यो कोण? तुमचा देव?

भिकाबाई : देव न्हाई गं, संदेष्टा. देवानं पुढचं सांगायला धाडलेला माणूस. शहराला दुश्मनाचा येढा पडलेला, हा सोता कैदेत. आन तशात त्यानं वावर इकत घेतलं.

लखमा : दुश्मन येशीत असताना?

भिकाबाई : व्हय. देवानं त्याला सांगितलं व्हतं, या मुलखात लोक फिरून वावरं घेतील, फिरून लग्नं लागतील. त्यानं ते खरं मानलं. मला काही वावर घेणं जमत न्हाई. जात्याला टाकी लावणं जमतं.

सटवाजी : शास्त्रात वाचायला बराबर हाय ते. त्या लोकान्ला दुश्मनानं धरून नेलं, माघारी यायला सत्तर वर्सं लागली. तेवढी जगशील तू?

भिकाबाई : मी न्हाई. जातं जगंल.

सटवाजी : तुझ्याशी बोलणं म्हंजे… भिका, मला भ्या वाटून राहिलं गं. तुला, आपल्या पोरीला काही झालं तर ते शास्त्र घेऊन मी काय करू?

भिकाबाई : भ्या मला बी वाटतं. म्हणून तर सकाळी मुकाट्यानं गाडीत बसणार हाय. जीव वाचवायला जाऊ, त्यात लाज न्हाई. पण घर मोडून जायचं न्हाई. दार काढलं की माघारी यायचं मन बी निघून जाईल. ते ऱ्हाऊ द्या जागेवर.

(सटवाजीनं पहार भिंतीला टेकवून ठेवली. लखमाची टाकी दगडावर वाजत होती.)

लखमा : झालं बघ, अक्का. पहिली मूठ दळून टाकून दे. दगडाची कच असती त्यात, पोटात जाऊ देऊ नगं.

भिकाबाई : ठावं हाय. ती आजच काढते. माघारी आल्यावर पहिल्याच भाकरीला कचकच नको.

लखमा : येशीला कुलूप लावायची येळ आली, आन ही भाकरीचं बोलती.

सटवाजी : बोलू दे तिला. भिका, जरा सरक. खुंटा दे हिकडं.

भिकाबाई : तुमी दळणार?

सटवाजी : पहिली मूठ मी काढतो. मंग दार नीट बसवतो.

भिकाबाई : आवं, बाप्या माणसानं जात्यावर बसायचं? कुणी पाह्यलं तर गाव हसंल.

सटवाजी : हसू दे की. हसायला तरी येऊ दे त्यान्ला माघारी.