कॅमेऱ्याचा नैवेद्य

आता तुम्हीच सांगा, रानडुक्कर पिवळं असतं का? नाही ना? मग माझ्या लॅपटॉपवर का होतं? डुक्कर पिवळं, ससा पिवळा, मोरसुद्धा पिवळा, एक तर नुसताच पिवळा ढिगारा... आणि सगळ्यांच्या मधोमध लालभडक ठिपका! मला दरदरून घाम. म्हटलं, जंगलात कसली साथ आली की काय! तशी मी घाबरट नाही हं, पण प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं की माणसाला आधी रोगच सुचतात.

तर तुम्हाला सांगते, आमची संस्था नांदेडची, काम किनवटकडच्या रानातल्या गावांत. वन्यजीव वाचवा, पोरांना जंगल शिकवा, असं. त्यातलाच हा कॅमेरा. झाडाला बांधायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो, तो थेट माझ्या लॅपटॉपवर. बांधला गावातल्या कस्तुरामावशींच्या शेताच्या बांधावरच्या मोहाच्या झाडाला, अख्खी शाळा जमवून, आणि वर मी भाषण ठोकलं, "हा कॅमेरा आमचा नाही, तुमचा आहे. घरच्यासारखा सांभाळा!" टाळ्या पडल्या हो! मला काय माहीत, इथली माणसं भाषण मनावर घेतात...

तर ते पिवळे फोटो बघून संध्याकाळी पाचला बांधावर जाते तर काय! कॅमेऱ्याला झेंडूचा हार, काचेवर हळद, हळदीवर कुंकू, खाली पळसाच्या पत्रावळीवर नैवेद्य, आणि शेजारी हात जोडून कस्तुरामावशी!

"मावशी, हे काय?"

"अवं ताई, दसऱ्याला हत्यारं पुजतेत का न्हाई? टॅक्टर पुजला, इळे पुजले, फवारणीचा पंप पुजला. मंग घरच्या ह्याला एकट्यालाच सोडावं व्हय?"

"पण दसरा होऊन पाच दिवस झाले!"

"मंग? रातंदीस काम करून राहिलंय बिचारं, उपाशी ठिवू? रोज भाकर-गूळ ठिवते. आज पुनव, म्हणून गोड. लई गुणाचं हाय बघा, पत्रावळ चाटून पुसून खातंय!"

खातंय? कॅमेरा?

आता एवढ्या मायेच्या बाईला काय बोलणार? तरी मी सुरू केलं, "मावशी, रानातल्या जनावराला खाऊ घालायचं नसतं, त्याला सवय लागते, मग ते गावात शिरतं, मग लोक काठ्या काढतात, मग ते बिचारं..." तोच मागं पाचोळा वाजला. खर्र... खर्र... तशी मी घाबरट नाही हं, पण सोयाबीन राखायच्या मचाणावर मी शिडी सोडून कुठून चढले, ते मला अजून कळलेलं नाही. मावशी आल्या शिडीनं, पदर खोचून, सावकाश. आणि खाली... अस्वल! काळंभोर! थेट पत्रावळीवर!

"अगं बया," मावशी कौतुकानं म्हणतात, "मी म्हणते कॅमेऱ्याला एवढी भूक कशी!"

तेवढ्यात वाऱ्यानं माझीच ओढणी माझ्या गालाला लागली आणि मी अशी किंचाळले... अस्वलानं मान वर केली, पंगतीत कुणी मोठ्यानं बोललं की आपण बघतो ना, तसं माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा जेवायला लागलं!

वनरक्षक हरिओमदादांना फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. पुन्हा लावला. उचला ना हो! त्यांच्या कॉलर ट्यूनचं अख्खं भजन माझं पाठ झालं. इकडे मावशी, "उतरून सांगू का त्येला, जा म्हणून?" मावशीऽऽ! एका हातानं त्यांचा पदर धरला, दुसऱ्यानं फोन. तशी मी घाबरट नाही हं, सात वेळा लावला तो फक्त माहिती द्यायला!

आणि सातव्यांदा... उचलला!

"दादा, मी मचाणावर, खाली अस्वल..."

"कस्तुरामावशीच्या बांधावर ना? हाव, म्हाईत हाय की. रोज पाचला येतंय. आज काय ठिवलंय?"

मी वाकून बघितलं. "पुरणपोळी."

"अरारारा... मंग बसा निवांत, मॅडम. भाकर असली की धा मिंटात जातंय. पुरणपोळी असली की आणखी वाढायला कोण येतंय का, म्हणून वाट बघत बसतंय."