आण्णांचं पुस्तक

दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, हे संयोगिताला कळत होतं. पण कोल्हापुरी आवाज एका बाकापुरता थोडाच राहतो? हुपरीची एसटी स्टँडातून हलली आणि पुढच्या बाकावरच्या भावानं बहिणीपुढं मोबाईल धरला.

“अक्का, प्रुफं तपासणाऱ्या बाईंचा मेसेज हाय.”

“त्या ऑनलाइन शोधलेल्या? विश्वजित, आज आठवणींचं पुस्तक छापायला गेलंच पायजे. रविवारी आण्णांची पंच्याहत्तरी हाय.”

“एक शंका हाय म्हणत्यात.”

“वाच की.”

“‘थोरली लेक तापानं गेली, त्याचं साल दोन ठिकाणी वेगळं पडलंय. कुठलं ठेवू?’”

“दुसऱ्या कुणाचं पुस्तक असंल. आण्णांची थोरली मीच की.”

“पान सत्तेचाळीस म्हणत्यात. लेकीचं नाव शालन.”

“शालन कोण?”

“मला काय म्हाईत!”

“म्हणजे तू वाचलं न्हाईस?”

“मला वाटलं, तू वाचलंस.”

“मी आण्णांच्या वह्या घेतल्या आणि सरळ टायपिंगला दिल्या.”

“आणि मी फाईल सरळ बाईंना धाडली.”

“आईला फोन लाव.”

“लावून काय विचारू?”

संयोगिताच्या हातातलं मासिक कधीचं एकाच पानावर थांबलं होतं.

“अक्का, आण्णांचाच फोन आला बघ. रोजच्यागत विचारणार, वाचून झालं काय म्हणून.”

“उचल.”

“हॅलो, आण्णा... व्हय, वाचलं की. दोघांनीबी वाचलं. लई भारी लिवलंय.”

त्यानं फोनवर हात धरला.

“काय म्हणत्यात रं?”

“सगळ्यात काय आवडलं, म्हणून विचारत्यात.”