लांब शिट्टी

नेरेइदा : शिट्टी ऐकू आली होती की नाही, तेवढंच सांगा, दोन्या लाला.

दोन्या लाला : आली. कान शाबूत आहेत माझे.

नेरेइदा : मग तुमची का नाही वाजली? मिग्राच्या, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांच्या, गाड्या दिसल्या की तुटक, माणसं धरायला उतरले की लांब. बेकरीच्या कोपऱ्यावरून लांब आली, की तुम्ही खिडकीतून वाजवायची आणि इमारतीचं खालचं दार लावून घ्यायचं. अख्ख्या गल्लीला पाठ आहे हे.

दोन्या लाला : मला नको शिकवूस. शिकागोत आले तेव्हा तुझी आई परकरात होती. शिवणकारखान्यात धाड पडायची, तेव्हा आम्ही कापडाच्या गठ्ठ्यांमागे श्वास धरून बसायचो. शिट्ट्या कुठल्या आल्यात!

नेरेइदा : विषय बदलू नका. फिदेन्सियोला नेलंय. वरच्या मजल्यावर त्याची बायको ओतिलिया सात महिन्यांची पोटुशी आहे.



दोन्या लाला : तिकडे मेक्सिकोत, पुएब्लात, आमच्या गल्लीत रताळेवाला यायचा. गाडीवर भट्टी, तिला धुराडं, आणि वाफेची शिट्टी. लांब, रडल्यासारखी. ती वाजली की आई म्हणायची, ताटली घे नि पळ.

नेरेइदा : इथं? सकाळी साडेसातला?

दोन्या लाला : खुर्चीत डोळा लागला होता गं. उठले, फडताळातली ताटली घेतली, जिना उतरले आणि खालचं दार सताड उघडलं.

नेरेइदा : आणि बाहेर ते.

दोन्या लाला : चौघं. तोंडं बांधलेली. दार बंद असलं तर न्यायाधीशाच्या सहीचा कागद लागतो, हे तूच शंभरदा सांगितलंस. मी तर बाजूला झाले. वाट दिली. एकजण म्हणाला, आभारी आहे, आजी. आपल्या भाषेत म्हणाला.

नेरेइदा : फिदेन्सियो?

दोन्या लाला : शिट्टी ऐकून तो दार लावायलाच खाली येत होता. एका पायात बूट, दुसरा हातात.

नेरेइदा : बेकरीवालीला तुम्ही सांगितलंत, कुलूप बिघडलं होतं.

दोन्या लाला : पाद्रीबाबांनाही तेच सांगितलं. पण ओतिलियापुढे उभं राहायला तोंड नाही मला. तूच सांग तिला. आणि पहाऱ्याच्या यादीतलं माझं नाव काढून टाक.

नेरेइदा : तिला माहीत आहे. ती त्याच्या मागेच जिन्यात होती.

दोन्या लाला : मग? काय म्हणाली?

नेरेइदा : तुमचं नाव खोडायला घेतलं, तर तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

दोन्या लाला : का?

नेरेइदा : म्हणाली, बसू दे तिलाच. उद्यापासून कामावर मी एकटीच जाणार, तिच्या खिडकीखालून. तिनं बघत राहावं.