वर देव, आत इमान

आमी मूळचे मिठागराकडचे. बापाची थोडी भातशेती, भात झोडून झालं की मिठागरावर मजुरी, असं आमचं. शिक्षन म्हनाल तर दहावी, ती पन दुसऱ्या खेपेला, आनि आधी गेलो होतो कशात तर इंग्लिशमध्ये. हे पहिलं लिहून ठेवा, कारन ही कपाटात पुस्तकं बघताय ना, ती सगळी इंग्लिश आहेत. आमचा मास्तर आज असता तर हसून हसून खुर्चीवरनं पडला असता.

तर विमानाचं वेड. मिठागरावर झाड नाय, सावली नाय, मान वर केली की नुसतं आभाळ, आनि त्या आभाळातनं मुंबईला उतरनारी विमानं जायची. बाप वरडायचा, खाली बघ, मिठानं पाय कापेल. कापायचाच. तरी माझी मान वरच. बांगलादेशच्या लढाईच्या टायमाला मी चौथी-पाचवीत होतो, काचांना काळा कागद लावा म्हनून सांगायला आले होते, आमच्या घराला काच कुठली, कुडाची भिंत, तरी आईनं चिमनी विझवली आनि आमाला कुशीत घेऊन बसली, आनि मी म्हनतो आई, दारात जाऊ का, एखादं इमान दिसलं तर? आईनं अशी चापट मारली! इमान म्हनजे विमान हो. आमच्यात विमान कोन म्हनतो? इमानच म्हनतात. आई म्हनायची, आमची ही अजून म्हनते. मी पन म्हनायचो, वालीवला कामाला लागल्यावर सुधारलो.

वसईजवळच्या वालीवला एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हनून लागलो. लेथवर बुश काढायचे, म्हनजे शाफ्टवर बसनाऱ्या नळ्या, पिना काढायच्या, जन्मभर तेच केलं, अजून अर्धा दिवस जातो. शेजारच्या लेथवर भुईगावचा पास्कल. त्याचा काका हवाई दलात फिटर होता, तो गेल्यावर त्याच्या पेटीत काय निघालं तर पुस्तकं, घरात कुनाला नको होती, तर पास्कल एक माझ्यासाठी घेऊन आला. म्हनाला, दामू, तू डबा खाताना पन वर बघत बसतोस, घे, आता खाली बघ. उघडलं तर विमानाचं इंजिन मधोमध कापून दाखवलेलं. काय सांगू तुमाला! मला इंग्लिश येत नव्हतं, पन ड्रॉइंग येत होतं, मी ड्रॉइंगवर पोट भरनारा मानूस. बोट फिरवत गेलो, हा शाफ्ट, हे बेअरिंग, आनि हा, अरे हा तर बुश, मी सकाळी काढला तसाच बुश, पन आभाळात गेलेला! डबा तसाच राहिला त्या दिवशी.

मग डिक्शनरी आनली. एक पान वाचायला एक रविवार जायचा, पन जायचा. आधी नुसती विमानांची पुस्तकं घेत होतो, मग कळलं की हे विमान असं का बनवलं ते लढाई वाचल्याशिवाय कळत नाय, मग लढायांची आली, रनगाड्यांची आली, जहाजांची आली. कुठनं कुठनं आनली, मुंबईच्या फुटपाथवरनं, वसईच्या रद्दीच्या दुकानातनं, कुनाचा पोरगा परदेशी गेला आनि घर आवरलं तिथनं. तुमाला वाटेल हा मानूस लढाईवेडा आहे. नाय हो. लढनाऱ्यांचं मला एवढं नाय, विमानाच्या खाली उभा असतो ना फिटर, तेलकट हाताचा, त्याचं वाचायला मला आवडतं. फोटोत तो नेहमी अर्धा कापलेला असतो. मी त्यालाच शोधतो.

आता आमच्या हिचं सांगतो, वनिताचं, कारन खरी गोष्ट तिचीच आहे. ती सहावी शिकलेली, इंग्लिशचं नाव नाय. लग्न होऊन आली तेव्हा पुस्तकं चाळीस-पन्नास असतील, मग वाढत गेली, कपाट भरलं, माळा भरला, तांदळाच्या पिंपावर चढली. ती कटकट करायची, का नाय करनार, म्हनायची लोकांच्या घरात सवत एक असते, माझ्या घरात साडेतीनशे. पन मी तेलकट हातानं पुस्तक धरायचो, डाग पडला की हळहळायचो, ते पन तिला बघवेना. तर तिनं काय केलं, जुनी कॅलेंडरं काढली. देवाचं चित्र असलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाय हा तिचा नेम, त्यामुळे गठ्ठाच साठलेला. तो जाड गुळगुळीत कागद, त्याची कव्हरं घातली, आनि चित्र बाहेर ठेवलं, कारन देवाला आत कोंडायचं कसं म्हने. आमच्याकडले गनपती, दत्त, लक्ष्मी संपले, तर पास्कल दर नाताळाला चर्चचं कॅलेंडर द्यायचा, ते वर्ष सरलं की त्यातनं मारियामाता, संत अंतोनी. दर जानेवारीला ती पाटावर बसनार, कात्री आनि खळ घेऊन, आनि हेच काम.

आता बाहेर नाव नाय काय नाय, मग पुस्तक सापडायचं कसं? तर तिला विचारायचं. रडारचं कुठाय गं? दत्तात. बाँब टाकनारी विमानं? ती लक्ष्मीत. रनगाडे मारियामातेच्या मागं. तिला इंग्लिश वाचता येत नव्हतं, पन कुठल्या देवात कुठलं इमान ते तोंडपाठ. मी म्हनायचो, अगं विमान म्हन, इमान नाय. ती म्हनायची, उडायचं ते उडतं, नाव कायपन ठेवा. फक्त चौदा पुस्तकांना मी तिला हात लावू दिला नाय. नवी कोरी होती, वर विमानांचे रंगीत फोटो, मी म्हनालो यांच्यावर देव चिकटवशील तर खबरदार.

दोन वर्षांमागं मुलाचा साखरपुडा ठरला, म्हनून घराला रंग काढला. पुस्तकांवर रंग उडू नये म्हनून मी सगळी तांदळाच्या रिकाम्या गोन्यांत भरली आनि पडवीत ठेवली. रद्दी पन तसल्याच गोन्यांत, पेपर, मुलाच्या वह्या, तिथंच शेजारी. हिला सांगून कामाला गेलो, रद्दीवाला येईल, भिंतीकडच्या गोन्या दे. आता भिंत घासायची म्हनून रंगाऱ्यानं गोन्या इकडच्या तिकडं केल्या, ते ना तिला माहीत, ना मला. दुपारी जेवायला आलो, सहज एक गोनी उघडली तर पेपर. दुसरी उघडली तर वह्या.

मग मी जे बोललो ते पन लिहा, लपवू नका. मी म्हनालो, तू मुद्दाम दिलीस. पस्तीस वर्षं तुझ्या डोळ्यात खुपत होती, आज साधलास डाव. रंगारी ऐकत होते, तरी बोललो. ती भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, चपला घातल्या आनि म्हनाली, रद्दीवाल्याला फोन लाव, माल कुठं उतरवला विचार.

सातिवलीच्या गोडावनात उतरवला होता, सकाळीच. रिक्षा केली, ती एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, मधे अजून एक मानूस बसला असता एवढी जागा. वाटेत पास्कलला फोन केला, तो म्हनाला थांब, अंतोनीला मागनं घालतो, तो हरवलेलं शोधून देतो. मी म्हनालो अरे बाबा, अंतोनीच हरवलाय, त्याच्यातच तर तुझ्या काकाचं इंजिन आहे! एरवी ती हसली असती. हसली नाय.

गोडावन म्हनजे कागदाचा डोंगर. बायका खाली बसून निवडत होत्या, पांढरा कागद एकीकडं, छापलेला एकीकडं, पुठ्ठा एकीकडं, मग मशीनमध्ये दाबून गठ्ठे करतात आनि ट्रक भरून मिलला, तिथं लगदा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आलं की आधी पुठ्ठा फाडून वेगळा काढायचा. दारातच एक पुठ्ठा पडला होता, निळं आभाळ आनि पांढरं विमान. माझ्या नव्यातला. मी तिथंच खाली बसलो. म्हनालो संपलं, आता आत काय बघायचं.

वनिता बसली नाय. ती सरळ त्या बायकांत गेली, देवाचं चित्र लावलेली पुस्तकं आली का विचारलं. त्यांच्यात एक वयानं मोठी बाई होती, मराठवाड्याकडची असावी बोलन्यावरनं, ती हिलाच वरडायला लागली, पोथ्या तुमच्या का? देवाला असं रद्दीत कोन टाकतं बाई? आनि तिला हाताला धरून आत नेलं. मी मागनं उठून गेलो. भिंतीवर त्यांचं एवढंसं देवघर होतं, त्याच्या खाली धुतलेली चादर अंथरलेली, आनि तिच्यावर माझी पुस्तकं. गनपती, दत्त, लक्ष्मी, मारियामाता, अंतोनी, सगळे एका जागी रचलेले, वर जास्वंदीचं फूल. पुढं उदबत्ती पन ठेवलेली, न पेटवता, कागदाचं गोडावन ना. देवाचं चित्र मशीनमध्ये जाऊ द्यायचं नाय, हा त्यांचा पन नेम. सकाळपासनं एकेक बाजूला काढत बसल्या होत्या बिचाऱ्या. माझा जीव भांड्यात पडला, आनि मला हुंदकाच फुटला, एवढा मोठा घोडा मी.

वनिता म्हनाली, पोथ्या नायत बाई, आतमधी इमानं हायत. त्या बाईनं लक्ष्मी उघडली, तर काय, आभाळभर विमानं आनि खाली बाँब पडतायत. सगळ्या बायका गोळा झाल्या, एकीनं पदर तोंडाला लावला, मग दुसरी हसली, मग सगळ्याच हसल्या. ती मोठी बाई तेवढी हसली नाय. पुस्तक मिटलं, लक्ष्मीला नमस्कार केला आनि म्हनाली, असू द्या, वर देव आनि आत इमान, मानसाला अजून काय लागतं? तिला विमान कळलं होतं की दुसरं काय, ते मला आजवर ठरवता आलेलं नाय.

मी वनिताकडं बघितलं आनि त्या सगळ्या बायकांसमोर म्हनालो, माझं चुकलं गं. जे बोललो ते तोंडात यायला नको होतं. ती म्हनाली, आधी पुस्तकं बघून घे. बघितली. चौदा कमी होती. कोनती चौदा ते तुमाला वेगळं सांगायला नको. त्यावर ती एक शब्द बोलली नाय हं, बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पन येताना बरीचशी टेम्पोत घातली, राहिली ती रिक्षात दोन्ही कडांना रचली आनि आमी दोघं मधे, चिकटून.

आता हे काचेचं कपाट मुलानं करून दिलंय. लोक येतात, म्हनतात काका, ही कॅलेंडरं काढा, बाहेर नावं लिहा, शोधायला बरं. मी म्हनतो, शोधायला माझं मानूस आहे. परवा एक नवं आलं, वर विमानाचा झकास फोटो. मी गुपचूप तिच्या पाटाजवळ नेऊन ठेवलं. म्हनाली, हे कुठलं इमान? मी म्हनालो, समुद्रावर गस्त घालतं ते इमान. इमानच म्हनालो. ती कात्री शोधत होती, थांबली, माझ्याकडं बघितलं, आनि म्हनाली, कागद संपलाय.

तर तुमी एवढं लांबनं आलात, ऐकून घेतलंत, सुखी राहा. परत याल तेव्हा फळं-बिळं काय आनू नका. घरात सरल्या वर्षाचं कॅलेंडर असेल तर तेवढं घेऊन या. देव कुठलाही चालेल.