घंटेची पाटी

—नाही नाही बाबूसाहेब, असं नोका लिवू. 'घंटा वाजताच प्रेस बंद करावी' — कोनती घंटा? तुमी अमरावतीच्या हापिसात बसता, तुमाले घंटा म्हणजे एकच वाटते. आमच्या कापसाच्या जीनमंदी तीन गोष्टी हायेत. एक ठोका पडला, म्हणजे हातातली रुईची गठाण पुरी करा, पट्ट्या बांधा, मंग थांबा — जेवणाची सुट्टी, इंजिनाले पानी पायजे, असं काही. दुसरं, घंटा ठणठण-ठणठण सारखी वाजून राहिली — म्हणजे हातातलं टाका न भाईर पळा. अन् तिसरी तं घंटाच नाही, इंजिनवालाच इंजिनाचा पट्टा उतरवून टाकते — मंग तुमाले कोनी इचारत नाही, सारी यंत्रं जागच्या जागी मेली. हे तिन्ही अलग अलग लिवा. पाटी मोठी लागन तं लागो. मालक म्हणाले ना, आगीनंतर नवी पाटी पायजे, सहदेव मुकादमाले इचारून लिवा — तं मंग नीट इचारा. घ्या, चहा घ्या.

अर्धी गठाण म्हणजे काय, पाह्यली हाय तुमी? प्रेसच्या पेटीत रुई कोंबून दाबायची, अन् तिच्यावर लोखंडाच्या आठ पट्ट्या बांधायच्या. चार बांधून सोडली तं रुई अशी फुगून वर येते, सारं पहिल्यापासून. त्रेपन सालापासून मी प्रेसवर हाय, नऊ वर्सांत एक गठाण अर्धी सोडली नाही. अकोल्यातले दुसरे जीनवाले आपल्या गड्यायले म्हणत, जा, सहदेवची गठाण पाहून या. कोनती बी घंटा वाजो — पहिले गठाण, मंग घंटा. कोनी तक्रार केली नाही, उलट मालकानं दसऱ्याले फेटा बांधला मले. हे पाटीवर नाही लिवायचं, तुमाले आपलं सांगून राहिलो.

लिवायचं ते हे — घंटा ऐकू कोनाले येते? मले. माह्या मांगं रुईची खोली. तठी बाया रुई ओढून प्रेसकडे ढकलतात, अन् यंत्रायची घरघर अशी का कानात वरडलं तरी आयकू येत नाही. दार बंद, कडी माह्या अंगानं — वाऱ्यानं रुई उडते म्हून. तं घंटा माह्यापाशी येऊन थांबते, पुढं पोचवनं माह्यं काम. म्हून लिवा — 'घंटा ऐकणाऱ्यानं पहिले कडी काढावी, आतल्या बायायले भाईर काढावं, मंग हातातलं काम पहावं.' पहिले — ह्याच्याखाली रेघ मारा. जाड मारा. अन् आणखी एक — 'घंटा बंद झाली म्हणजे संकट मिटलं असं समजू नये.' हे लय महत्त्वाचं हाय. मानसाले वाटते, बंद झाली, म्हणजे कोनी विझवलं असन, चला आता राह्यलेल्या पट्ट्या बांधू —

काय म्हणता?

हो, आगीच्या दिवशी घंटा वाजलीच नव्हती. बरोबर. पोलिसानं तसंच लिवलं. घंटेचा दोर तुटलेला सापडला, सडका असन, इंजिनवाल्या पुंजारामनं बदलला नाही, म्हून घंटा वाजली नाही, म्हून रुईच्या खोलीतली मनकर्णा आत जळाली. मी बी तसाच जबाब देल्ला. मंगळवारी कोर्टात पुंजारामची केस हाय, न साक्षीदार मीच. मी आपलं असंच म्हटलं — एखाद्या टायमाले होऊ शकते ना, वाजता वाजता बंद. पाटी तं साऱ्याच दिवसायसाठी असते. तुमी असं काहून पाहून राहिले?

दोर सडका नव्हता, बाबूसाहेब. हंगामाच्या आधी त्यानं नवा लावला, मी पाह्यला लावताना. बारा वर्सं इंजिनावर हाय तो, कामात कसूर करणारा मानूस नाही. आग दिसताच त्यानं ओढला, ओढून ओढून तुटला तो दोर. चार पट्ट्या राह्यल्या होत्या माह्या. ठणठण सुरू झाली तसे संगचे दोन गडी माह्या तोंडाकडे पाहू लागले. मी म्हटलं, बांधा. पाचवी लावली, वाजून राहिली. सहावी लावली, वाजूनच राहिली. म्हटलं दोनच तं राह्यल्या, लावतो न कडी काढतो. सातवीले बंद झाली. मले इतकं बरं वाटलं, काय सांगू तुमाले — आठवी निवांत आवळली. तवर पुंजारामनं धावत जाऊन इंजिनाचा पट्टा उतरवला, घरघर थांबली, अन् मंग मले आतून आवाज आला. बाया दार बडवून राहिल्या होत्या. कवाच्या बडवत असतीन, देव जाणे. कडी काढली, पाच जनी भाईर आल्या. मनकर्णा सगळ्यायच्या मांगं असायची, कोपऱ्यात. ती नाही आली.

पोलिसानं इचारलं, घंटा ऐकली का, अन् मी नाही म्हटलं. भेलो मी. मी नाही म्हटलं तं गड्यायनं बी नाही म्हटलं. भाईरचे हमाल जेवायले गेल्ते, आयकनारं दुसरं कोनी नव्हतंच, अन् पुंजारामचं एकट्याचं कोन मानते. ती गठाण गोदामात पडून हाय, वरून जराशी काळी झाली — पन आठी पट्ट्या जागच्या जागी. मी तिकडे जात नाही.

काल जठारपेठेत पुंजाराम भेटला. कोर्टाचा कागद हातात. मले वाटलं आता हा गचांडी धरन. तं म्हणे कसा, सहदेवभाऊ, दोर लवकरच तुटला, तुमाले आयकूच नसन आलं, माह्यंच चुकलं, पट्टा पहिले उतरवाले पायजे होता. त्याले खरंच तसं वाटते हो. त्यानं शिव्या देल्ल्या असत्या तं मले रात्री झोप तं आली असती.

नाही, हे नोका लिवू. पाटीचा कागद हाय तो, पाटीपुरतंच ठेवा. मंगळवारी मी काय सांगीन, माह्यंच मले माहीत नाही. घरून खरं सांगाले निघीन, न तठी मालक बसलेला दिसन, पोलीस दिसन, अन् पुन्हा तेच तोंडातून जाईन. तुमी या मंगळवारी. मांगं नोका बसू, अगदी समोर बसा, मले दिसन असे. तुमी दिसले तं माह्यानं खोटं बोलनं होनार नाही. येसान ना? — बरं, नोका सांगू. तुमची गाडी हाय ना चारची? जा मंग. चहा राहू द्या. जा आता, अन् माह्या तोंडाकडे नोका पाहू.